ख्रिस्ती लैंगिक नीतिविचार

स्त्रीपुरुषसंबंध, विवाह, ब्रह्मचर्य, अपत्यप्राप्ती व कुटुंबजीवन यांविषयी ख्रिस्ती धर्मपरंपरेत विकसित झालेला नीतिविषयक विचार. बायबल, चर्चची परंपरा, निसर्गनियमाची तात्त्विक कल्पना आणि मानवी अनुभव हे त्याचे प्रमुख आधार होत. यांपैकी कोणास किती प्रमाण मानावे, याबाबत रोमन कॅथलिक, पौर्वात्य ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट पंथांत मतभेद आहेत. ख्रिस्ती नीती म्हणजे कामवासनेचा निषेध, असा एक समज रूढ आहे. तो सर्वस्वी निराधार नसला, तरी अपुरा आहे. या परंपरेत दोन निराळे प्रश्न प्रारंभापासून विचारले गेले : कोणते कृत्य शुद्ध व कोणते अशुद्ध, हा एक, आणि संबंधातील दोन व्यक्ती परस्परांशी स्वेच्छेने, निष्ठेने व समभावाने वागतात की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने दुसऱ्यास कित्येक शतके झाकून टाकले. तथापि विवाहविषयक चर्च-कायद्याचा कणा दुसऱ्याच प्रश्नातून तयार झाला. विसाव्या व एकविसाव्या शतकांतील बहुतेक वादांच्या मुळाशी या दोहोंतील ताण आढळतो.

बायबलमधील भूमिका : जुन्या करारातील ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या आरंभी मानवनिर्मितीच्या दोन कथा आहेत. पहिलीत देव स्त्री व पुरुष यांना आपल्या प्रतिरूपात घडवितो आणि त्यांना प्रजोत्पादनाचा आशीर्वाद देतो. दुसरीत पुरुषाचे एकाकीपण दूर व्हावे म्हणून त्याला अनुरूप सहचारिणी लाभते. तेथे अपत्यांचा उल्लेखही नाही. अपत्यप्राप्ती आणि सहवास ही विवाहाची दोन्ही प्रयोजने अशा रीतीने पहिल्या दोन अध्यायांतच आढळतात; पुढील वाद बव्हंशी त्यांच्या अनुक्रमाविषयी आहेत. ‘गीतरत्न’ या काव्यात दोन प्रेमिकांच्या परस्पर ओढीचे मोकळे वर्णन आहे. ज्यू व ख्रिस्ती भाष्यकारांनी ते देव व त्याची प्रजा यांच्या प्रेमाचे रूपक मानले. होशेय संदेष्ट्याने पत्नीचा व्यभिचार उघड झाल्यावरही तिला परत स्वीकारणाऱ्या पतीच्या दृष्टांताने देव व इझ्राएल यांच्यातील करार विशद केला. त्यामुळे विवाह हा केवळ देवघेवीचा व्यवहार नसून तो निष्ठेचा करार आहे, ही कल्पना ख्रिस्ती विचारात रुजली. अर्थात याच जुन्या करारात बहुपत्नीत्व, दासींशी संबंध आणि स्त्रीला मालमत्तेसारखे लेखणारे नियमही आहेत. ‘बायबलप्रणीत विवाह’ असा एकच नमुना त्यामुळे दाखविता येत नाही.

येशूची या विषयावरील वचने थोडी आहेत. तत्कालीन ज्यू धर्मशास्त्रानुसार पतीला सूटपत्र देऊन पत्नीस सोडता येई. शम्मई संप्रदायाच्या मते त्यासाठी बदफैलीचे कारण आवश्यक असे, तर हिल्लेल संप्रदायाच्या मते स्वयंपाक बिघडण्यासारखे क्षुल्लक कारणही पुरेसे होई. येशूने या वादात न पडता उत्पत्तीच्या कथेचा आधार घेऊन विवाह अविच्छेद्य ठरविला. मार्कच्या शुभवर्तमानात हा नियम निरपवाद आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र ‘पोर्निया’ (मराठी बायबलमध्ये ‘जारकर्म’) झाल्यास अपवाद सांगितला आहे. घटस्फोटाविषयी पंथापंथांत जे मतभेद आहेत, त्यांतील पुष्कळ या एका ग्रीक शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहेत. येशूच्या नियमाची कठोरता वाचकाच्या ध्यानात राहते, पण त्याचा तत्कालीन परिणाम राहत नाही. टाकलेल्या स्त्रीला उपजीविकेचे साधन नसलेल्या समाजात तो नियम तिला संरक्षण देणारा होता. डोंगरावरील प्रवचनात परस्त्रीकडे अभिलाषेने पाहणे हाही व्यभिचारच मानला आहे. तेथे जबाबदारी पाहणाऱ्या पुरुषावर टाकली आहे, स्त्रीच्या पेहरावावर नव्हे. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला दगडमार करण्यासाठी येशूपुढे आणल्याचा प्रसंग योहानच्या शुभवर्तमानात येतो (सर्वांत प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तो नाही). मोशेच्या नियमशास्त्रानुसार स्त्री व पुरुष दोघेही दंडास पात्र होते. पकडून आणली होती ती मात्र एकटी स्त्री.

पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (इ. स. ५५ च्या सुमारास) सातवा अध्याय या संदर्भात अत्यंत महत्त्वाचा आहे. जगाचा अंत समीप आहे या भावनेने पौलाने अविवाहित राहणे श्रेयस्कर मानले; पण विवाह करण्यात पाप नाही, हेही त्याने स्पष्ट केले. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार असतो, हे त्या काळी कोणीही मान्य केले असते. पतीच्या शरीरावर पत्नीचाही तसाच अधिकार आहे, हे पौलाने त्याच वाक्यात सांगितले आणि प्रार्थनेसाठी काही काळ दूर राहावयाचे तर तेही उभयतांच्या संमतीने, असा दंडक घातला. पुढे या वचनातून ‘वैवाहिक ऋणा’ची कल्पना निघाली आणि पत्नीला नकाराचा अधिकार नाही, असे ठरविण्यासाठी तिचा वापर झाला. मूळ वचनातील परस्परतेचा तो उघड विपर्यास होता. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पत्नीने पतीच्या अधीन असावे, असे म्हटले आहे. मात्र त्याच्या लगेच आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे, असाही उपदेश आहे (हे पत्र पौलाचे स्वतःचे नसावे, असे अनेक अभ्यासक मानतात). कोणते वचन कोणत्या वचनाच्या प्रकाशात वाचावयाचे, यावर कुटुंबातील सत्तेचे ख्रिस्ती चित्र बदलत आले आहे.

ब्रह्मचर्य व ऑगस्टीन : रोमन समाजात कुलीन स्त्रीचे शील कसोशीने जपले जाई, पुरुषाने दासीशी वा वेश्येशी संबंध ठेवणे मात्र गैर समजले जात नसे. ख्रिस्ती उपदेशकांनी एकच नियम उभयतांना लावला, ही त्या काळी नवी गोष्ट होती. त्याबरोबरच आजन्म कौमार्याचा आदर्शही प्रबळ झाला. ठरविलेले लग्न नाकारण्याचा एक मार्ग त्यामुळे स्त्रियांना खुला झाला. परंतु विवाहास दुय्यम स्थान आले. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट (सु. १५०–सु. २१५) याने देहास तुच्छ मानणाऱ्या ज्ञेयवादी पंथांविरुद्ध विवाहाची बाजू घेतली. याउलट जेरोमने ३९३ च्या सुमारास जोव्हिनियन याच्यावर कडाडून टीका केली. विवाहित व व्रतस्थ स्त्रियांची योग्यता समान आहे, असे जोव्हिनियनचे प्रतिपादन होते व त्याबद्दल चर्चने त्याला दोषी ठरविले.

पाश्चात्त्य चर्चवर सर्वाधिक प्रभाव पडला तो सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याचा. धर्मांतरापूर्वी तो सुमारे पंधरा वर्षे एका स्त्रीबरोबर विवाहाविना राहिला होता व तिच्यापासून त्याला एक मुलगा झाला. प्रतिष्ठित घराण्यात लग्न ठरल्यामुळे तिला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात ऑगस्टीनने आपले दुःख नमूद केले आहे, तिचे नाव मात्र नाही. सु. ४०१ मध्ये लिहिलेल्या विवाहविषयक ग्रंथात त्याने अपत्य, निष्ठा व पवित्र बंधन ही विवाहाची तीन श्रेये सांगितली. ही त्रयी पुढे दीड हजार वर्षे टिकली. मात्र आदिपापाचा वारसा कामवासनेबरोबर पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होतो, या त्याच्या सिद्धांतामुळे वैवाहिक सुखावरही संशयाची छाया पडली. पाश्चात्त्य चर्चने ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत धर्मगुरूंचे विवाह शून्यवत ठरविले. पौर्वात्य चर्चमध्ये विवाहित पुरुषास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळू शकते. बिशप मात्र अविवाहितांतून निवडतात.

संमतीचा सिद्धांत : विवाह कशाने सिद्ध होतो, या प्रश्नावर बाराव्या शतकात मोठा वाद झाला. बोलोन्याचा धर्मशास्त्री ग्रेशियन याने सु. ११४० च्या आपल्या संकलनात संमतीबरोबर शरीरसंबंधासही महत्त्व दिले. पॅरिसमधील पीटर लाँबर्डने केवळ संमती पुरेशी मानली. जोसेफ व मेरी यांचा विवाह खरा मानावयाचा, तर शरीरसंबंध हा विवाहाचा प्राण ठरविता येत नव्हता. पोप तिसरा अलेक्झांडर (कार. ११५९–८१) याने निर्णय दिला, की वधूवरांनी वर्तमानकाळी शब्दांत दिलेली संमती विवाह निर्माण करते व त्यानंतरचा शरीरसंबंध त्यास अविच्छेद्य करतो. पित्याची अनुमती, हुंडा, समारंभ, धर्मगुरूची उपस्थिती यांपैकी काहीही विवाहाच्या सिद्धतेसाठी आवश्यक राहिले नाही. त्याआधीच पोप चौथा हेड्रियन (कार. ११५४–५९) याने मालकाच्या परवानगीविना झालेले दासांचे विवाहही वैध ठरविले होते. धाक दाखवून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्वही याच काळात स्थिर झाले.

घराणी, जमीनजुमला व राजकीय तह यांवर विवाह ठरणाऱ्या समाजात हा सिद्धांत स्फोटक होता. व्यवहारात बहुसंख्य मुलींचे विवाह वडीलधाऱ्यांच्याच मर्जीने होत राहिले. पण बळजोरीचा पुरावा देऊन चर्च-न्यायालयात विवाह रद्द करवून घेण्याची वाट कायद्याने खुली झाली. याची दुसरी बाजू म्हणजे गुप्त विवाह. साक्षीदारांविना वचन देऊन पुढे ते नाकारणाऱ्या पुरुषांमुळे फसलेल्या स्त्रियांची गाऱ्हाणी चर्च-न्यायालयांपुढे येत. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ मध्ये, चर्चच्या धर्मगुरूसमोर आणि किमान दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत झालेला विवाहच वैध मानावा, असा ठराव केला. आईवडिलांची अनुमतीही सक्तीची करावी, असा फ्रेंच पक्षाचा आग्रह होता. परिषदेने तो मानला नाही.

सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याच्या विवेचनात दोन्ही प्रवाह एकत्र दिसतात. पतिपत्नींतील मैत्री ही सर्वांत मोठी मैत्री होय, असे एका ग्रंथात त्याने म्हटले आहे. कामविषयक पापांची प्रतवारी लावताना मात्र त्याने निसर्गक्रमाविरुद्धची, म्हणजे प्रजोत्पादनास प्रतिकूल अशी कृत्ये बलात्काराहूनही गंभीर ठरविली. कृत्याचा प्रकार हाच निकष धरल्यावर पीडित व्यक्ती कशी दृष्टीआड होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

धर्मसुधारणा : मार्टिन ल्यूथरने ब्रह्मचर्याचे श्रेष्ठत्व नाकारले आणि १५२५ मध्ये मठ सोडून आलेल्या काटारीना फोन बोरा हिच्याशी विवाह केला. विवाह हा संस्कार नसून ईश्वरनिर्मित परंतु ऐहिक संस्था आहे, असे मानल्यामुळे प्रॉटेस्टंट प्रदेशांत विवाहाचे नियमन राज्यसत्तेकडे गेले व व्यभिचार अथवा परित्याग या कारणांसाठी घटस्फोट शक्य झाला. अँग्लिकन चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनाग्रंथात अपत्ये व पापापासून बचाव यांच्या जोडीला परस्परसहवास, साहाय्य व दिलासा हे तिसरे प्रयोजन आले. कुटुंबप्रमुख म्हणून पतीची सत्ता मात्र या पंथांत उलट दृढ झाली. मठवास बंद झाल्याने अविवाहित स्त्रीला प्रतिष्ठेने राहण्याची जागाही उरली नाही.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकात जोसेफीन बटलर (१८२८–१९०६) या अँग्लिकन समाजसुधारकेने दुहेरी नीतिनियमांविरुद्ध लढा दिला. लष्करी तळांजवळील वेश्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करणारे, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकांना मोकळे सोडणारे कायदे इंग्लंडमध्ये १८८६ मध्ये, तर भारतात १८८८ मध्ये रद्द झाले.

विसाव्या शतकातील मुख्य वाद संततिनियमनाचा होय. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९०८ व १९२० मध्ये कृत्रिम साधनांचा निषेध केला होता. १९३० मध्ये तिने मर्यादित परिस्थितीत त्यांना अनुमती दिली. त्याच वर्षाअखेर पोप अकरावा पायस याने ‘कास्ती कॉनूबी’ या परिपत्रकाद्वारे ती साधने निषिद्ध असल्याचे पुन्हा जाहीर केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये वैवाहिक प्रेमास अपत्यप्राप्तीच्या बरोबरीचे स्थान दिले. पोपने नेमलेल्या अभ्यासमंडळातील बहुसंख्य सदस्य नियम शिथिल करण्यास अनुकूल होते. तथापि पोप सहावा पॉल याने १९६८ च्या ‘ह्यूमाने व्हिती’ या परिपत्रकात बंदी कायम ठेवली. नैसर्गिक सुरक्षित काळाचा उपयोग मात्र त्याने संमत मानला. पोप दुसरा जॉन पॉल याने १९७९ ते १९८४ या काळातील प्रवचनमालेत याच बंदीचे समर्थन निराळ्या भाषेत केले : शरीर हे आत्मदानाचे माध्यम असून, दुसऱ्यास केवळ उपभोग्य वस्तू मानणे हे मूळ पाप होय, हा दोष विवाहांतर्गतही घडू शकतो. इफिसकरांस पत्रातील अधीनता उभयपक्षी आहे, असा अर्थ त्याने १९८८ मध्ये मांडला. पोप फ्रान्सिस याने २०१६ मधील ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात कौटुंबिक हिंसेचा व वैवाहिक जीवनातील लैंगिक सक्तीचा स्पष्ट निषेध केला.

संबंधाच्या गुणवत्तेसच प्रमुख निकष मानणारा प्रवाहही याच काळात पुढे आला. ब्रिटनमधील क्वेकर पंथीयांच्या एका गटाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत, संबंधात एकाकडून दुसऱ्याचे शोषण होते काय, हा प्रश्न मध्यवर्ती मानला. अमेरिकन कॅथलिक जोगीण व नीतिशास्त्रज्ञ मार्गारेट फार्ली हिने २००६ मधील ग्रंथात इजा न करणे, मुक्त संमती, परस्परता, समता, बांधिलकी, फलदायित्व व सामाजिक न्याय असे निकष मांडले. व्हॅटिकनने २०१२ मध्ये तो ग्रंथ कॅथलिक शिकवणुकीशी विसंगत ठरविला. समलिंगी संबंधांबाबत मतभेद तीव्र आहेत. १९९८ च्या लँबेथ परिषदेने ते बायबलशी विसंगत मानले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने २००३ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूस बिशप केल्यावर अँग्लिकन पंथात फूट वाढली. कॅथलिक चर्चने विवाहाची व्याख्या न बदलता, समलिंगी जोडप्यांना विधिबाह्य आशीर्वाद देण्याची मुभा डिसेंबर २०२३ मध्ये दिली. आफ्रिकेतील अनेक बिशपांनी ती स्वीकारली नाही.

धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे २००२ नंतर मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली. वरिष्ठांनी ती दडपल्याचेही निष्पन्न झाल्याने चर्चच्या नैतिक अधिकारास जबर धक्का बसला. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत हा गुन्हा धर्मगुरूंच्या विशेष कर्तव्यांच्या उल्लंघनात, म्हणजे ब्रह्मचर्यभंगासारख्या अपराधांत मोडत होता. जणू बालकावर नव्हे, तर व्रतावर अत्याचार झाला होता. डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांत समाविष्ट केला.

भारत व महाराष्ट्र : भारतात हे प्रश्न प्रथम धर्मांतरितांच्या संदर्भात उभे राहिले. पती ख्रिस्ती झाल्यावर पत्नी, किंवा पत्नी ख्रिस्ती झाल्यावर पती नांदावयास तयार नसेल, तर पुनर्विवाह करता यावा म्हणून १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. त्यामागे पौलाच्या उपर्युक्त सातव्या अध्यायातील, सोडून जाऊ इच्छिणाऱ्या अविश्वासी जोडीदाराविषयीचे वचन होते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कार्य या विचाराच्या दुसऱ्या प्रवाहाशी जोडलेले आहे. इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांनी लंडनच्या फुलम भागातील, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालविलेले आश्रयगृह पाहिले. अशा स्त्रियांशी कोणी ममतेने वागू शकते, हे त्यांना नवीन होते. तेथेच त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा समजली, आणि आपल्या मतपरिवर्तनात या अनुभवाचा वाटा मोठा असल्याचे त्यांनी पुढे लिहिले. केडगाव येथील मुक्ती सदनात विधवा व दुष्काळग्रस्त मुलींबरोबरच फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग चालविला. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेने बहिष्कृत झालेल्या स्त्रीला काम, शिक्षण व सहवास देऊन उभे करणे, हे त्याचे स्वरूप होते.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. १९७८ च्या दुरुस्तीने वराचे किमान वय २१ व वधूचे १८ वर्षे झाले. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने पतीला पत्नीच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. येशूच्या वचनात वा पौलाच्या पत्रात या भेदास कोठेही आधार नाही. तो व्हिक्टोरियन इंग्लंडच्या कायद्यातून आलेला होता. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने पतिपत्नींना समान आधार आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय उपलब्ध झाली. अनेक चर्चचे आणि ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांचे प्रयत्न त्यामागे होते.

कॅथलिक चर्च आजही घटस्फोट मानत नाही. मात्र विवाहसमयी धाकदपटशा, फसवणूक किंवा मानसिक असमर्थता होती असे सिद्ध झाल्यास, मुळात संमतीच नव्हती या कारणास्तव चर्च-न्यायालय विवाह शून्य ठरविते; २०१५ मध्ये ही कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. विवाहापूर्वी वधूवरांना मार्गदर्शनवर्गात उपस्थित राहावे लागते. त्यांत संवाद, आर्थिक व्यवहार, सासरमाहेरचे संबंध, कुटुंबनियोजन आदी विषय असतात. विवाहापूर्वीच्या चौकशीत धर्मगुरू दोघांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारतात आणि हा विवाह त्यांच्या स्वतःच्या इच्छेने होत आहे काय, याची खात्री करून घेतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा निराळा दिवाणी कायदा आहे. इतरत्र चर्च-न्यायालयाचा निर्णय दिवाणी कायद्याच्या दृष्टीने विवाह संपुष्टात आणत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्या कॅथलिक स्त्रीपुरुषांना दोन्ही न्यायालयांत स्वतंत्रपणे दाद मागावी लागते.